सार्वजनिक तळ्यात स्लॅलम कोर्स टाकायचाय? परवान्याची वाट अशी आहे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका सार्वजनिक तळ्यात वॉटर स्कीचा स्लॅलम कोर्स टाकायचा परवाना मिळवायला आमच्या छोट्या क्लबला दोन हिवाळे लागले. स्लॅलम कोर्स म्हणजे बोये, अर्थात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, लावून आखलेली वाट: बोट मधून सरळ जाते आणि तिच्यामागे दोरीला धरून येणारा स्कीअर बाजूच्या बोयांना वळसे घालतो. पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला. दोन्ही वेळा बोये तेच आणि बोटही तीच. बदलला तो कामाचा क्रम, आणि त्यातून कोर्सची जागा. पहिल्या वर्षी आम्ही फॉर्म भरून सुरुवात केली होती. दुसऱ्या वर्षी काठावरच्या घरांपासून केली आणि फॉर्म सगळ्यात शेवटी भरला.

क्लबमधला मी एकटाच मराठी. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या, आसपास राहणाऱ्या ओळखीतल्या काही मराठी घरांची मुलं आता स्की करायला लागली आहेत. त्यांचे आईवडील विचारतात, "बोये टाकायला परवानगी कशाला? तळं तर सगळ्यांचं आहे ना?" तळं सगळ्यांचं आहे, परवानगी लागते ती त्याचमुळे. आपल्याकडचे बहुतेक मोठे जलाशय म्हणजे धरणामागचं पाणी, त्यामुळे कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं: पाटबंधारे खात्याला. इथे काठावरची जमीन खाजगी आणि पाणी जनतेचं. काठावर घर असलं म्हणून समोरच्या पाण्यावर तुमचा जास्त हक्क होत नाही.

हा खेळ मुळात याच राज्यातला. 1922 च्या 2 जुलैला लेक सिटी गावातला राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा मुलगा लेक पेपिनवर पाइनच्या दोन फळ्यांवर उभा राहिला. टोकं वर ठेवून अंग मागे झुकवायचं, ही युक्ती त्याला बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर सापडली होती. बोट त्याचा भाऊ चालवत होता. आज त्याच लेक पेपिनवर कोर्स टाकायचा म्हटलं तर राज्यातल्या इतर बहुतेक तळ्यांपेक्षा जास्त कार्यालयांची दारं ठोठवावी लागतील. ते का, हे दुसऱ्या पायरीत येईल.

1. आधी कोर्सची मापं पाठ करा

शेरीफच्या (काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयातला अधिकारी, शेजारी, विमा कंपनी, जो तो पहिला प्रश्न हाच विचारतो: "किती मोठं असतं हे?" उत्तर चटकन देता आलं पाहिजे.

प्रवेशाच्या गेटपासून बाहेर पडायच्या गेटपर्यंत कोर्स 259 मीटर लांब असतो. गेटपासून पहिला बोया 27 मीटरवर, त्यानंतर दर 41 मीटरवर एक असे सहा वळणाचे बोये, आणि शेवटच्या बोयापासून गेट पुन्हा 27 मीटरवर. वळणाचे बोये मधल्या रेषेपासून 11.5 मीटर बाजूला असतात, आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे. बोट मधल्या रेषेवरच्या जोडबोयांमधून जाते आणि त्या जोडीत अंतर असतं फक्त 2.3 मीटर. एकूण बोये 22. गेटच्या 55 मीटर आधी रांग धरायला जे बोये लावतात ते धरले तर 26.

कागदावर हा आयत 259 गुणिले 23 मीटरचा, म्हणजे साधारण दीड एकर. हा आकडा लक्षात ठेवा. कोर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अर्धं तळं येतं.

इथे आम्ही पहिली चूक केली होती. क्रीडासंघटनेची सगळी मापं मीटरमध्ये आणि काउंटीचा फॉर्म फुटांत. आमच्या नकाशावर दोन्हीची सरमिसळ झाली आणि कोर्स काठाच्या प्रत्यक्षापेक्षा फारच जवळ दिसू लागला. सगळं फुटांत लिहा: लांबी 850 फूट, रुंदी साधारण 75 फूट, टोकाचे बोये आणखी 180 फुटांवर.

2. तळं कुणाच्या अखत्यारीत येतं ते शोधा

मिनेसोटात सार्वजनिक पाण्यावर स्लॅलम कोर्स किंवा स्की जंप ठेवायला काउंटीच्या शेरीफचा परवाना लागतो. आपल्याला शेरीफ म्हणजे पोलीस एवढंच ठाऊक असतं, पण इथे तळ्यांवरची गस्त आणि पाण्यावरची सुरक्षा हेही त्याचंच काम आहे. राज्यात 87 काउंट्या आहेत आणि जिथे तिथे फॉर्म वेगळा, अटी वेगळ्या, मुदती वेगळ्या. शेजारच्या काउंटीतल्या मित्राचा फॉर्म घेऊन भरू नका.

तळं दोन काउंट्यांत विभागलेलं असेल तर कोर्स ज्या बाजूला पडतो त्या काउंटीकडे अर्ज करा आणि दुसरीला लेखी कळवा. कोर्स हद्दीवरच येत असेल तर जागाच बदला.

शेरीफच्या पलीकडे आणखी कोण कोण आहे, तेही पाहावं लागतं:

- काही तळ्यांना स्वतःचं संरक्षण मंडळ असतं. लेक मिनेटोंकाचं मंडळ 1967 पासून आहे आणि त्याखाली 14 गावं-शहरं येतात. अशा ठिकाणी बोये, धक्के, कार्यक्रम या सगळ्यांचे नियम मंडळाचे असतात, त्यामुळे पहिला फोन तिथे करा.
- तळ्यावर वेगाची, इंजिनाच्या ताकदीची किंवा लाट न उठवता चालवायची स्थानिक बंधनं आहेत का? असे नियम गावाला किंवा काउंटीला राज्याच्या नैसर्गिक संपदा खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या मंजुरीने करता येतात. जिथे बोट संथच चालवायची आहे तिथे ताशी 55 किलोमीटरचा कोर्स मागण्यात अर्थ नाही.
- पाणी संघराज्याच्या दृष्टीने 'नौकानयनयोग्य' आहे का? मिसिसिपी तशी आहे आणि लेक पेपिन हा मिसिसिपीचाच रुंद झालेला भाग. तिथे 1899 च्या रिव्हर्स अँड हार्बर्स कायद्याचं दहावं कलम लागू होतं आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराचं अभियंता दल, थोडक्यात 'कोअर') प्रक्रियेत येते. शिवाय पाण्यावरच्या खाजगी खुणांसाठी कोस्ट गार्ड येतं आणि पलीकडचा काठ विस्कॉन्सिनचा असल्याने त्या राज्याचाही प्रश्न येतो.

कोअरकडे नेमक्या आपल्यासारख्यांसाठी एक तयार परवाना आहे. नेशनवाइड परमिट क्रमांक 11 हा स्की स्पर्धा, बोटींच्या शर्यती किंवा हंगामी वापरासाठी ठेवलेल्या तात्पुरत्या बोयांसाठी आणि खुणांसाठी असतो. वापर थांबल्यापासून 30 दिवसांत सगळं काढून घ्यायचं ही त्याची मुख्य अट. पण कोअरची जिल्हा कार्यालयं आपापल्या भागात अशा देशव्यापी परवान्यांना जास्तीच्या अटी घालतात, कधी ते लागूच करत नाहीत. इंटरनेटवर क्रमांक 11 वाचून निर्धास्त होऊ नका. जिल्हा कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. जॉर्जियातल्या लेक लॅनियरसारख्या कोअरच्या जलाशयांवर प्रत्येक बोयाला तिथल्या व्यवस्थापकाची वेगळी मंजुरी लागते. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या जलाशयांवर त्यांच्या कायद्याच्या 26ए कलमाखाली अर्ज होतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या लेक नॉर्मनसारखे जलाशय वीज कंपनीकडे असतात, तिथे कंपनीच्या सरोवर विभागाला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

3. जागा कागदावर शोधा, मग बोटीने जाऊन खात्री करा

डीएनआरच्या लेकफाइंडर या सेवेवर बऱ्याच तळ्यांचे खोलीचे नकाशे फुकट मिळतात. तिथून सुरुवात करा. कोर्स 259 मीटरचा असला तरी बोटीला वेग धरायला आणि थांबायला दोन्ही टोकांना जागा लागते. सरळ 600 मीटर पाणी नसेल तर ती जागा सोडा. खोली सगळीकडे निदान 2 मीटर असावी, कारण स्कीअर पडतो तेव्हा तळाशी त्याची गाठ पडता कामा नये आणि पंख्याने गाळही ढवळला जाता कामा नये.

बोट उतरवायचा सार्वजनिक रॅम्प, पोहण्याचा किनारा, दोन तळ्यांना जोडणारा अरुंद भाग, या तिन्हींपासून लांब राहा. आमचा पहिला अर्ज मुख्यतः यामुळेच पडला. आमच्या कोर्सचं एक टोक रॅम्पच्या रांगेत येत होतं. शनिवारी सकाळी ट्रेलरची रांग लागलेली असताना उतरलेली प्रत्येक बोट आमच्या गेटमधूनच बाहेर पडली असती. नकाशावर ते दिसत नव्हतं. एका शनिवारी दोन तास रॅम्पवर उभे राहिलो असतो तर दिसलं असतं.

आणखी दोन गोष्टी. लून हा इथला राज्यपक्षी पाण्याच्या अगदी कडेला घरटं करतो. मे-जूनमध्ये त्याची अंडी असतात आणि उठलेली लाट थेट घरट्यात जाते. घरटी कुठे असतात ते काठावरच्या लोकांना वर्षानुवर्षं माहीत असतं, त्यांना विचारा. दुसरी गोष्ट, जंगली भात उगवणारे उथळ कोपरे टाळा. ते इथल्या मूळ रहिवाशांचं अन्न आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि आपण भात खाणारी माणसं, आपल्याला तरी हे वेगळं सांगायची गरज पडू नये.

4. काठावरच्या प्रत्येक दारात जा

ही पायरी कुठल्याच फॉर्मवर नसते, पण परवाना मिळणार की नाही ते इथेच ठरतं. शेरीफ ही निवडून येणारी व्यक्ती आहे. काठावरच्या पंधरा घरांनी विरोधाची पत्रं पाठवली तर कार्यालय ती बाजूला ठेवू शकत नाही आणि ठेवूही नयेत.

पहिल्या वर्षी आम्ही कुणालाच भेटलो नव्हतो. लोकांना अर्जाची बातमी सूचनापत्रातून कळली आणि कुणाला विश्वासात घेतलं नाही याचा राग त्यांच्या पत्रांत स्पष्ट होता. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये, बर्फ अजून तळ्यावर असताना, आम्ही दोघं दोघं मिळून घरोघरी गेलो. हातात एकच कागद: तळ्याचा नकाशा, त्यावर दीड एकराचा छोटा आयत, कोर्स वापरायच्या वेळा आणि माझा फोन नंबर.

लोक काय विचारतात, आणि खरं उत्तर काय द्यायचं?

*"तुमच्या लाटांनी आमचा काठ खचेल."* बहुतेकांच्या मनात असतात त्या वेकसर्फच्या, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर फळीवरून घसरण्याच्या खेळातल्या, मोठ्या लाटा. त्या बोटी पाण्याने वजन वाढवून ताशी 16 ते 18 किलोमीटरने मुद्दाम मोठी लाट उठवतात. स्लॅलमच्या स्कीअरला लाट नकोच असते, बोटीमागचं पाणी जितकं सपाट तितकं त्याच्या फायद्याचं. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेच्या 2022 च्या अहवालात असं आढळलं की साध्या बोटीची लाट 200 फुटांवर जितकी उरते तितकी खाली यायला वेकसर्फच्या लाटेला 500 फुटांहून जास्त अंतर लागतं. तो आलेख आम्ही सोबत ठेवत होतो. पण आमची बोट लाटच उठवत नाही असं कधीच म्हणू नका. ते खरं नाही, आणि काठावर राहणाऱ्या माणसाला ते पक्कं ठाऊक असतं.

*"आवाज?"* एका माणसाची एक फेरी साधारण 17 सेकंदांची. पण एका स्कीअरच्या सहा-आठ फेऱ्या, असे पाच स्कीअर, म्हणजे सकाळभर बोट ये-जा करणार. हे लपवू नका. आम्ही स्वतःहून रविवारी सकाळी 9 च्या आधी स्की न करण्याचं लिहून दिलं.

*"म्हणजे तिथे आता आम्ही जायचं नाही का?"* हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. उत्तर एकच: जायचं. परवाना बोये ठेवायचा मिळतो, पाणी राखून ठेवायचा नाही. कुणी कोर्सच्या मधोमध गळ टाकून बसलं तर आपण थांबायचं.

एका घरी ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा होते. त्यांची वॉलाय मासे पकडायची जागा नेमकी आमच्या चौथ्या बोयाजवळ होती. त्यांनी नकाशा हातात घेतला, पेन्सिल मागितली आणि एक ठिपका काढला. "वडील मला इथे आणायचे," एवढंच म्हणाले. आम्ही तिथेच ठरवून कोर्स दक्षिणेला सरकवला. पुढच्या आठवड्यात पाठिंब्याचं पहिलं पत्र त्यांचंच आलं. सुनावणीला ते स्वतः आले, थंडीत, काठी टेकत. आम्ही कोर्स हलवला नसता तर ते विरोधात बोलले असते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं ठरलं नसतं.

तळ्याची रहिवासी संघटना असेल तर तिच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. नकार मिळाला तर कारण विचारा, वाद घालू नका. नकाराच्या कारणांमधूनच तुमच्या अर्जाच्या अटी तयार होतात.

5. कागदपत्रं

काउंटीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण एवढं तयार ठेवलं तर धावपळ होत नाही:

- काउंटीचा अर्ज, त्यावर जबाबदार एका व्यक्तीचं नाव, पत्ता आणि चोवीस तास लागणारा फोन
- तळ्याचं नाव आणि डीएनआरचा तळे क्रमांक. एका नावाची अनेक तळी आहेत. मड लेक आणि लाँग लेक तर जागोजाग सापडतात, त्यामुळे क्रमांक हवाच
- कोर्सचा नकाशा: काठापासूनची अंतरं फुटांत, खोली, उत्तर दिशा, रॅम्प आणि पोहण्याची जागा
- दोन्ही टोकांचे जीपीएस बिंदू
- बोयांची संख्या, रंग, आकार, आणि नांगर कसे आहेत त्याचं वर्णन
- कोर्स कधी टाकणार, कधी काढणार, त्या तारखा
- विम्याचं प्रमाणपत्र
- शेजाऱ्यांच्या सह्या किंवा पत्रं
- कोअर, मंडळ, गाव यांपैकी जे लागू असेल त्याचं लेखी उत्तर

जीपीएसचा एक सापळा सांगून ठेवतो. फोन दशांशात अंश दाखवतो, काही फॉर्म अंश आणि मिनिटं मागतात. एक रूप दुसऱ्याच्या रकान्यात भरलं तर कोर्स कुणाच्या तरी शेतात जाऊन पडतो. भरलेले आकडे पुन्हा नकाशावर टाकून बघा.

6. विमा

घराच्या विम्यात हे येतं असं धरून चालू नका. एजंटला लेखी विचारा, बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. आम्ही क्लब नोंदवला आणि यूएसए वॉटर स्की अँड वेक स्पोर्ट्स या राष्ट्रीय संघटनेशी संलग्न केला. 1939 साली अमेरिकन वॉटर स्की असोसिएशन म्हणून सुरू झालेली ही संस्था आहे. संलग्न क्लबांना तिच्यामार्फत दायित्वाचा विमा घेता येतो. काउंटीचं नाव 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून प्रमाणपत्रावर घालून मागा. फॉर्मवर काउंटीचं नाव जसं छापलंय अगदी तसंच ते प्रमाणपत्रावर यायला हवं. आमच्या प्रमाणपत्रात एक शब्द गळला होता, तेवढ्यावरून कागद परत आला आणि दोन आठवडे गेले.

हे संरक्षण सभासदांपुरतं आणि संघटनेचे नियम पाळून केलेल्या स्कीइंगपुरतं असतं. पाहुणा म्हणून आलेल्या मामेभावाला हौसेने कोर्समध्ये उतरवायच्या आधी त्याचं सभासदत्व भरा.

7. अर्ज हिवाळ्यात करा

तळ्यांवरचा बर्फ साधारण एप्रिलमध्ये वितळतो. मेमध्ये कोर्स हवा असेल तर अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत गेलेला असावा. एप्रिलनंतर शेरीफच्या पाण्यावरच्या पथकाकडे हंगामाचं काम सुरू होतं आणि तुमचा कागद ढिगाखाली जातो. मग दारोदारी फिरायचं कधी? त्याच्याही आधी, शरद ऋतूत, लोक काठावर असतात तेव्हा. आम्ही मार्चमध्ये फिरलो, तो उशीरच होता. अधिकारी समजूतदार निघाले म्हणून निभावलं.

अर्ज टपालात टाकून थांबू नका. वेळ मागा, जाऊन भेटा, नकाशा समोर ठेवा आणि विचारा, "यात तुम्हाला काय खटकतंय?" आमच्या दुसऱ्या अर्जात कोर्स न वापरताना बुडवून ठेवायची (ते कसं, हे आठव्या पायरीत) अट आली ती अशा भेटीतून, आणि तीच पुढे निर्णायक ठरली.

परवान्यावरच्या अटी प्रत्येक स्कीअरला वाचून दाखवा. अटी मोडल्या तर परवाना काढून घेता येतो. बहुतेक परवाने हंगामापुरते असतात, नूतनीकरणाची तारीख आजच कॅलेंडरवर टाका. स्पर्धा भरवायची असेल तर हा परवाना पुरत नाही, शर्यती आणि प्रदर्शनांसाठी शेरीफचा वेगळा परवाना लागतो.

8. बोये आणि बुडणारा कोर्स

बोये मऊ, पोकळ आणि हवेचे घ्या. स्कीअर त्यावर आदळतो, बोटही कधीतरी चाटून जाते. साधारणपणे वळणाचे आणि गेटचे बोये लाल किंवा नारिंगी, बोटीच्या वाटेचे पिवळे. पांढऱ्यावर नारिंगी आकृत्या काढलेले बोये अजिबात वापरू नका. त्या सरकारी खुणा आहेत: चौकट तिरकी असेल तर धोका, तिच्यात फुली असेल तर प्रवेशबंदी, वर्तुळ म्हणजे वेगासारखं बंधन. तशी नक्कल केली तर तुम्ही नसलेला नियम पाण्यावर लिहिता.

पाण्याखाली मुख्य तार, तिला आडव्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि नळ्यांच्या टोकांना बोये, अशी सर्वसाधारण रचना असते. बुडणाऱ्या कोर्समध्ये हवेच्या टाक्या असतात. काठावरून हवा भरली की सगळं वर येतं, सोडली की खाली जातं. खर्च जास्त आहे, पण शेजाऱ्यांना दुपारी मोकळं तळं दिसतं. दुसरा पर्याय रोज टाकून रोज काढायच्या तरंगत्या कोर्सचा. तात्पुरता आहे म्हणून परवाना लागणार नाही, असं गृहीत धरू नका, आधी कार्यालयाला विचारा.

टोकाच्या बोयांवर परवाना क्रमांक आणि फोन लिहा. वादळात सुटलेला बोया कुणाला तरी सापडतो, तो परत येतो तो या नंबरमुळेच.

9. बसवताना झेब्रा शिंपल्यांचा विचार करा

जुना कोर्स स्वस्तात मिळतो आणि बहुतेक नवे क्लब तोच घेतात. तो दुसऱ्या तळ्यातून आलेला असतो. झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले आणि तळ्यातळ्यांत पसरणारे छोटे शिंपले, तारेला, नळ्यांना, नांगराच्या साखळीला चिकटून येतात. त्यांची पिल्लं तर डोळ्यांना दिसतही नाहीत. मिनेटोंकात ते 2010 मध्ये सापडले आणि एकदा आले की जात नाहीत. मिनेसोटाच्या कायद्याने धक्के, बोट उचलायची यंत्रं, तराफे आणि त्यांच्याबरोबरचं सामान एका पाण्यातून काढल्यावर 21 दिवस दुसऱ्या पाण्यात टाकता येत नाही. कोर्सलाही हाच नियम लावा. आम्ही आमचा विकत घेतलेला कोर्स शेडमध्ये पूर्ण हिवाळा सुकवला, मग हाताने एकेक नळी घासली. ट्रेलरवर बोट असेल तर गावातून नेताना पाणी सोडायचं बूच काढलेलं असावं लागतं.

10. वापरताना

बोटीत चालकाखेरीज मागे बघणारा माणूस हवा, नाहीतर मागचं रुंद दिसेल असा आरसा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापर्यंत स्की बंद. 10 वर्षांखालच्या मुलांना बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालावंच लागतं, मोठ्यांनीही कोर्समध्ये घालावं असं माझं ठाम मत आहे. 1 जुलै 2025 पासून, 1 जुलै 2004 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बोटचालकांना चालकाचा परवाना लागतो. ही तारीख टप्प्याटप्प्याने मागे नेली जातेय, 2028 मध्ये ती 1 जुलै 1987 असेल. कॉलेजातली मुलं बोट चालवतात, तेव्हा त्यांना या परवान्याची परीक्षा आधीच द्यायला लावा.

11. बर्फाआधी सगळं बाहेर

आमच्या परवान्यात 15 ऑक्टोबर लिहिलंय. तुमच्यात वेगळी तारीख असेल, ती पाळा. पाण्यात राहिलेला बोया बर्फात गोठतो आणि जानेवारीच्या अंधारात त्याच बर्फावरून स्नोमोबाइल भरधाव जातात. शिवाय वसंतात बर्फ सरकतो तेव्हा तारेसकट नांगर ओढून नेतो. बोये मोजून काढा: 26 टाकले असतील तर 26 हातात आले पाहिजेत. मग शेरीफच्या कार्यालयाला एका ओळीचा ईमेल करा, कोर्स काढला, तारीख अमुक. आमच्या नूतनीकरणाच्या अर्जाला आता हाच ईमेल जोडलेला असतो.

कोर्स काढायच्या दिवशी आजोबा धक्क्यावर कॉफीचा थर्मास घेऊन बसलेले असतात. शेवटचा बोया बोटीत आला की त्यांची छोटी बोट त्या चौथ्या बोयाच्या जुन्या जागेकडे निघते.